उपस्थाता घरी नसतो तेव्हा

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभापासून जे मुखोद्गत असते, त्यात चिकित्सेच्या चतुष्पादाचे स्थान वरचे आहे. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद, प्रत्येकाचे चार गुण, आणि अशा सोळा गुणांनी युक्त चिकित्सा ही यशस्वी चिकित्सा, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि आपण सारेजण त्याचे उत्तर लिहून उत्तीर्ण झालो आहोत.

परंतु आपल्या सभा-संमेलनांतील चर्चा पाहिल्या तर या चार पादांपैकी दोनच पादांचा विचार होताना दिसतो. भिषक् हा विषय निघाला की पदवी, अभ्यासक्रम, व्यवसायाचे हक्क यांवर तासन्‌तास बोलले जाते. द्रव्य म्हटले की भेसळ, प्रमाणीकरण, वनस्पतींची टंचाई आणि वाढत्या किमती. रोग्याविषयीही अधूनमधून बोलणे होते. उपस्थात्याविषयी मात्र आम्ही गेल्या कित्येक वर्षांत एकही व्याख्यान ऐकल्याचे स्मरत नाही. तो कोठेतरी घरी आहे, त्याला वेळ आहे, त्याला सर्व समजते आणि आपण लिहून दिलेले तो बिनचूक पार पाडील, असे आपण गृहीत धरून चालतो. गेल्या आषाढातील एका आठवड्याने आमचे हे गृहीत मोडून पडले. तो आठवडा आमच्याच घरातला होता, म्हणून तो येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही उभयता वैद्य. आमच्यापैकी एकीचे नाशिकमध्ये चिकित्सालय आहे. सकाळी दहा ते दीड आणि सायंकाळी साडेपाच ते नऊ. दुसऱ्याची आयुर्वेद महाविद्यालयात अध्यापनाची नोकरी आहे. विषय कायचिकित्सा, म्हणजे अतिसाराचे निदान आणि चिकित्सा दरवर्षी फळ्यावर लिहून शिकविणे हे कामच. घरी दीड वर्षाची कन्या. सुश्रुताचार्यांच्या वर्गीकरणाप्रमाणे क्षीरान्नाद वयातील. दिवसा ती पाळणाघरात असते. आजी इगतपुरी तालुक्यातील गावी. आषाढ म्हणजे भातलावणीचे दिवस, तेव्हा त्यांना लगेच बोलावणे शक्य नव्हते.

त्या रविवारी कन्या किरकिरी होती. रात्री झोप नीट लागली नाही, तोंड उतरलेले होते. दाढा येत असतील, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात अतिसार होऊ घातलेल्या बालकाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत अंगाचा वर्ण बदलणे, चैन न पडणे, मुख म्लान होणे, झोप न लागणे आणि अधोवायू अडणे यांचा समावेश आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाच्या व्यथा कशा ओळखाव्यात यासाठी आचार्यांनी स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि तो वाचलेल्या दोघांच्या घरात त्या लक्षणांवर दाढांची चिठ्ठी चिकटविली गेली. कारण साधे होते. सोमवारची तयारी करायची होती.

सोमवारी पहाटे दोन उलट्या झाल्या आणि पाठोपाठ पाण्यासारखे मलप्रवर्तन सुरू झाले. अंगात ज्वर होता. आजारी मूल घेत नाही, असे पाळणाघराने सांगितले. इतर बालकांच्या दृष्टीने तो नियम योग्यच आहे. इकडे चिकित्सालयात सोमवारची गर्दी आणि तिकडे महाविद्यालयात विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा, त्यासाठी बाहेरगावचे परीक्षक आलेले. शेवटी सकाळचे दोन तास एकाने सांभाळले, पुढे कन्या चिकित्सालयाच्या मागील खोलीत चटईवर निजली आणि मधून मधून एक रुग्ण तपासून झाला की तिच्याकडे पाहणे चालू राहिले.

चिकित्सा अर्थातच आमचीच. आमावस्थेत आरंभीच स्तंभन करू नये हा शास्त्रादेश डोळ्यांसमोर होता. बालचतुर्भद्र चूर्ण मधातून दर तीन तासांनी, दिवसातून सहा वेळा. तहान आणि ज्वर यांसाठी षडंगोदक घोट घोट. आहारात साळीच्या लाह्यांचा मंड. प्रत्येक मलप्रवर्तनानंतर जलसंजीवनी. चिकित्सापत्र म्हणून पाहिले तर त्यात खोट काढण्यासारखे फार काही नव्हते. अशी पत्रे आम्ही आजवर शेकड्यांनी दिली आहेत.

मंगळवारी रात्री हिशेब केला तेव्हा काय आढळले? सहापैकी तीन मात्रा पोटात गेल्या होत्या. त्यांतील एक तिने फुर्रकन बाहेर उडविली होती. षडंगोदकाची भरड शेगडीवर ठेवली असता एका रुग्णाचा दूरध्वनी आला आणि भांडे करपले. दुसऱ्यांदा काढा झाला, पण तो गाळून निवेपर्यंत बाहेर पडण्याची वेळ झाली. लाह्यांचा मंड तिने दोन चमचे घेतला. जलसंजीवनी किती गेली हे कोणालाच निश्चित सांगता येईना, कारण पेल्यातील अर्धी फरशीवर सांडली होती. दोघे वैद्य, घरात औषधांचे कपाट, शेगडी, खल, मध, सर्व काही. आणि तरीही आमचेच चिकित्सापत्र आमच्याच घरात निम्म्यानेसुद्धा पाळले गेले नाही.

बुधवारी दुपारपासून शेजारच्या काकूंनी मोठ्या मनाने तिला सांभाळले. येथे आणखी एक गोष्ट घडली. दिवसभरात मलप्रवर्तन किती वेळा झाले याचे तीन आकडे झाले. सकाळचा आमच्यापैकी एकाचा, दुपारचा काकूंचा आणि मधल्या तासाभराचा काकूंच्या सुनेचा. मूत्रप्रवर्तनाचा तर आकडाच नव्हता. हल्लीचे डायपर सर्व काही शोषून घेतात. पातळ मलाबरोबर मूत्र झाले की नाही हे त्यातून कळत नाही. पूर्वीच्या सुती लंगोटाने जी गोष्ट आपोआप सांगितली असती, ती आता मुद्दाम पाहावी लागते. ते पाहायला हवे, असे आम्ही काकूंना सांगितलेच नव्हते.

सायंकाळी सात वाजता काकूंनी दूरध्वनीवर सांगितले, "आज अगदी शांत झोपली आहे हो." ते ऐकून आम्हांस हायसे वाटले. वाट पाहणारे पाच रुग्ण तपासून झाले आणि सव्वानऊला घरी आल्यावर दिवा लावून तिच्याकडे पाहिले. डोळे आत गेलेले. ओठ कोरडे. हाक मारली तर पापण्या जड उघडून पुन्हा मिटल्या. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. ज्याला आपण झोप म्हणत होतो ती झोप नव्हती.

त्यानंतरची रात्र बालरुग्णालयात गेली. शिरेतून द्रव देण्यात आले. कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरांनी नोंदी करताना अगदी नेहमीच्या स्वरात विचारले, "शेवटची लघवी केव्हा झाली?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्गात विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारणाऱ्या अध्यापकास आणि चिकित्सालयात रोज दहा मातांना हा प्रश्न विचारणाऱ्या वैद्येस त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. दुपार असेल, किंवा सकाळ. पहाटे साडेचारच्या सुमारास तिने डोळे उघडून "पापा" म्हणत वाटीकडे बोट केले, तेव्हा कोठे आमचा श्वास खाली बसला. तिच्या बोलीत पापा म्हणजे पाणी.

गुरुवारी चिकित्सालय बंद राहिले. परीक्षा मात्र चालू राहिली, हेही नमूद केले पाहिजे. दोघांपैकी कोणाचे काम आधी थांबावे याचा निर्णय आमच्या घरात चर्चेवाचूनच झाला, आणि तो कोणत्या बाजूने झाला हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. परीक्षेसाठी पर्यायी परीक्षक मागता आला असता. तो मागावा हे चौथ्या दिवशी सुचले.

शुक्रवारी आजी गावाहून आल्या. लावणी अर्धी टाकून आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे मागचे पान काढले, पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधली आणि खुणा सुरू केल्या. मलप्रवर्तनाला टिंब, लघवीला उभी रेघ, वाटीभर पाणी गेले की गोल. डायपर काढून जुन्या पातळाचे लंगोट केले. त्यांना चतुष्पाद ठाऊक नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या पानाकडे पाहून आम्हांस प्रथमच कन्येच्या प्रकृतीचे खरे चित्र दिसले.

शनिवारी चिकित्सालय उघडले. आमच्याकडे औषधे काढून देणाऱ्या आणि पुड्या बांधणाऱ्या ज्या भगिनी आहेत, त्यांनी कन्येची चौकशी केली. आम्ही सारे सांगितले, सहा मात्रांपैकी तीनच गेल्या हेही सांगितले. गेल्या वर्षी त्यांच्याही मुलाला असेच जुलाब झाले होते. तेव्हा आम्हीच त्यांना चूर्ण लिहून दिले होते, दर तीन तासांनी, दिवसातून सहा वेळा. चार दिवसांनी गुण येईना तेव्हा, औषध वेळेवर दिले नसणार, असे आम्ही काहीशा कठोरपणे म्हणालो होतो. ती आठवण त्यांनी टोचून काढली नाही. पुड्या बांधता बांधता एवढेच म्हणाल्या, "सहा वेळा कोण देणार होतं, ताई? मी तर इथं होते."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. त्या चार दिवसांपैकी एक दिवस त्या आल्या नव्हत्या. त्या दिवसाचा पगार आम्ही कापला होता.

असो. या आठवड्यातून आम्ही काय शिकलो ते आता मांडतो.

चरकाचार्यांनी रोग्याचे जे चार गुण सांगितले आहेत ते म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि आपला व्याधी सांगता येणे. दीड वर्षाच्या बालकाच्या ठायी यांपैकी एकही गुण नसतो. काल काय झाले हे त्याला आठवत नाही, सांगितलेले ते करीत नाही, चमचा पाहून ते भिते आणि दुखते कोठे हे त्याला सांगता येत नाही. म्हणजे बालरोगात रोगी हा पाद जवळजवळ रिकामा असतो, आणि त्याचे चारही गुण उपस्थात्यालाच पुरवावे लागतात. आठवण त्याने ठेवायची, सूचना त्याने पाळायच्या, धीर त्याने द्यायचा, लक्षणे त्याने सांगायची. शिवाय उपस्थात्याचे स्वतःचे चार गुण आहेतच: उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. दोन पादांचे ओझे एकाच व्यक्तीवर येते. आणि ही व्यक्ती आज कोण आहे? सातपूर-अंबडच्या वसाहतीत पाळीवर जाणारी माता, दुकान उघडणारा पिता, तीन तासांसाठी आलेली शेजारीण, पाळणाघरातील ताई. उपस्थाता एक राहिलेला नाही. तो दिवसातून चार वेळा बदलतो. अनुराग प्रत्येकाकडे असतो. ज्ञान मात्र एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचत नाही, कारण ते पोहोचविण्याची कोणतीही सोय आपण केलेली नाही.

अतिसारात या गोष्टीचे महत्त्व किती आहे, याचा एक दाखला आपल्याच देशातील आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या रुग्णालयात पटकीच्या रोग्यांची रीघ लागली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ते देण्यास पुरेसे परिचारक नव्हते. म्हणून पिंपात द्रावण भरून ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपविण्यात आले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. या घटनेकडे आपण एका द्रावणाचा विजय म्हणून पाहतो. आम्हांस आता ती उपस्थात्यावर टाकलेल्या विश्वासाचीही कथा वाटते. काम सोपे करून दिले, एकच करून दिले, आणि जो रोग्याजवळ बसला होता त्याच्या हाती पेला दिला.

यावरून आमच्या वैद्यबंधु-भगिनींना काही सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली अशी, की औषध लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: दिवसा मुलाजवळ कोण असते? याचे उत्तर पत्रावर लिहावे आणि मात्रांच्या वेळा त्याप्रमाणे ठरवाव्यात. मातापित्यांची घराबाहेर पडण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि रात्र, एवढ्या तीन वेळांत जे बसेल तेच लिहावे. सहा मात्रा लिहून तीन दिल्या जाण्यापेक्षा तीन लिहून तीन दिल्या जाणे बरे, कारण दुसऱ्या स्थितीत वैद्याला निदान काय दिले गेले हे तरी कळते. शास्त्र सोडून सोयीच्या मागे लागल्याचा आक्षेप कोणी घेईल. परंतु देश, काल, बल आणि सात्म्य पाहून योजना करावी असे सांगणारे शास्त्र आपलेच आहे, आणि घराचा दिनक्रम हा आजच्या कालाचाच भाग आहे.

दुसरी अशी, की अतिसारात द्रवधातूंची पूर्ती ही सर्वप्रथम सांगावी, औषधानंतरची पुरवणी म्हणून नव्हे. जलसंजीवनी ही परक्या शास्त्राची म्हणून ती संकोचाने लिहिण्याचे कारण नाही. लाजमंड, पेया, षडंगोदक हे सारे आपले आहे, उत्तम आहे, आणि ते सोबत द्यावे. परंतु नेमक्या प्रमाणातील क्षार व शर्करा असलेल्या द्रावणाची जागा त्यांनी घेऊ नये. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ मलप्रवर्तनानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश. स्तन्यपान चालूच ठेवावे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली केलेल्या शिफारशीनुसार सहा महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस द्यावयाचे असते, तेही सांगावे. आणि बालक एक वर्षाच्या आतील असेल तर अनुपान म्हणून मध देऊ नये, हे स्पष्ट लिहावे.

तिसरी अशी, की चिकित्सापत्रासोबत एक चिठ्ठी द्यावी, जी मुलाजवळ बसणाऱ्याच्या हाती जाईल. तीवर तीन रकाने असावेत: मल, मूत्र, पाणी. त्याखाली धोक्याच्या खुणा साध्या मराठीत: सहा तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, पाणी पिण्यास उठत नाही, प्यालेले सर्व उलटून पडते, मलात रक्त आहे, किंवा मूल नेहमीपेक्षा फार शांत झाले आहे. ही शेवटची खूण ठळक छापावी. आजारी मुलाची शांतता ही दमलेल्या घराला नेहमी सुवार्ता वाटते. आणि यांपैकी काहीही दिसल्यास आमची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे, हे वाक्य वैद्याने स्वतःच्या स्वाक्षरीखाली लिहावे. त्याने वैद्याचा मान कमी होत नाही. बुधवारी रात्री आम्हांस रुग्णालयात जावे लागले ही चिकित्सेची हार नव्हती; चार तास उशिरा गेलो, ही हार होती.

औषधी दुकानांच्या व औषधनिर्माणशाळांच्या मालकांशीही काही बोलायचे आहे. घाईत असलेल्या घराला औषधविक्रेत्याने काय विकावे, हा प्रश्न आजचा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया १९२० च्या दशकात तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात असत, आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगालाही त्याची दखल घ्यावी लागली. त्या माता निर्दय नव्हत्या. पाळी चुकली तर घर चालत नव्हते, आणि मुलाजवळ बसणारे कोणी नव्हते. उपस्थाता नसलेल्या घराला त्या काळच्या बाजाराने शांतता विकली.

बाळागोळीचा तो काळ गेला. पण "जुलाब आजच्या आज थांबतील असे काहीतरी द्या" ही मागणी आजही दुकानाच्या फळीवर रोज येते, आणि तिच्यामागे उद्याची पाळीच असते. अशा वेळी अहिफेनयुक्त कर्पूररसासारखा कल्प बालकासाठी नुसत्या तोंडी मागणीवर देणे हे शास्त्राला आणि कायद्याच्या हेतूला, दोहोंना सोडून आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये अहिफेनाचा समावेश आहे, आणि अशी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापणे आवश्यक आहे. हा इशारा लेबलवर बारीक अक्षरांत छापला म्हणजे दुकानदाराचे कर्तव्य संपले असे नाही. लोपेरामाइडसारख्या आधुनिक औषधांचीही हीच गोष्ट. लहान मुलांना ती देऊ नयेत.

जलसंजीवनीविषयीही दुकानदाराने दोन वाक्ये बोलावीत. पाकीट एक लिटरचे आहे की दोनशे मिलिलिटरचे, हे ग्राहकाला दाखवावे, कारण एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात मिसळले तर ते हितकारक न राहता घातक ठरते. तयार केलेले द्रावण चोवीस तासांत संपवावे किंवा टाकून द्यावे. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव छापून ती विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. आजारी मुलासाठी असे गोड पेय मागणारा ग्राहक आला तर त्याच्या हाती खरे पाकीट ठेवावे. निर्मात्यांनी बालकांच्या औषधांवर वयाप्रमाणे मात्रा मराठीत छापावी, सोबत मापाचा चमचा द्यावा, आणि तयार भरडीची एका दिवसाची पुडी काढावी. करपलेल्या भांड्याचा अनुभव केवळ आमचाच नसणार.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या दाराशी येते. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतीची सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. केंद्र सरकारने २००८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकालात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. परंतु दोन-तीन माणसांच्या चिकित्सालयाला आणि चार भगिनी पुड्या बांधतात अशा औषधीशाळेला यांपैकी काहीही लागू होत नाही. तेथे कायदा नाही. तेथे आपणच आहोत. मुलाच्या आजारात कामावरून एक दिवस गैरहजर राहणारी बाई ही आपल्या दृष्टीने खाडा करणारी कामगार असते. शास्त्राच्या दृष्टीने ती चिकित्सेचा एक पाद आहे. तिचा पगार कापताना आपण एका बालकाच्या चिकित्सेचा पाद कापीत असतो. हे आम्ही केले आहे, म्हणून लिहू शकतो.

आमच्या चिकित्सालयात आता मुलाच्या आजारासाठी वर्षातून सहा दिवस सवेतन रजा ठेवली आहे, मातेला आणि पित्यालाही. गेल्या वर्षीचा कापलेला दिवस परत केला. आमच्या भगिनींनी तो प्रथम घेतला नाही, मग घेतला. घरातही एक नियम केला आहे: पहिल्या दिवशी ज्याचे काम थांबेल, दुसऱ्या दिवशी त्याचे थांबणार नाही. चिठ्ठी छापून घेतली आहे. तिचा नमुना आजींच्या दिनदर्शिकेच्या पानावरूनच केला. टिंब, रेघ आणि गोल तसेच ठेवले, कारण लिहिता न येणाऱ्यालाही त्या खुणा करता येतात.

सदस्यांपैकी ज्यांना यात सुधारणा सुचतील त्यांनी त्या अवश्य कळवाव्यात. अधिवेशनात चारही पादांवर चर्चा व्हावी, एवढी नम्र विनंती करून हे लेखन पुरे करतो. कन्या आता बरी आहे, दाढाही आल्या आहेत, आणि चूर्णाचा चमचा पाहिला की ती आजही पळून जाते.